ताई, इतली जागा खाली काहून सोडली?

इतवारीतले एक कापड व्यापारी काका दिवाळीच्या पत्रकाचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, घेऊन माझ्यासमोर बसले होते. वर दुकानाचं नाव, मधे एका साडीचा फोटो, खाली सवलत आणि पत्ता. फोटोभोवती आणि कडांना मी बरीच मोकळी जागा ठेवली होती. काकांनी नेमकं तिथेच बोट टेकवलं आणि म्हणाले, "ताई, इतली जागा खाली काहून सोडली? छपाईचे पैसे तं मी पूर्‍या कागदाचे देऊन राह्यलो न."

प्रश्न रास्त होता. त्यांच्या दुकानात एक फळी रिकामी राहिली तरी नुकसान होतं. मी मात्र "काका, असंच छान दिसतं" एवढंच म्हटलं. ते उत्तर मला अजून खटकतं, कारण "छान दिसतं" हे उत्तरच नाही. नागपुरात वीस वर्षं हे काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की ग्राफिक डिझायनरच्या बहुतेक हट्टांमागे डोळ्याची, लिपीची किंवा शाईची एखादी साधी अट असते. आम्ही अट सांगत नाही, फक्त हट्ट करतो, आणि समोरच्याला वाटतं की हा आवडीनिवडीचा मामला आहे. म्हणून त्या अटी इथे समजावून सांगते. ज्या हट्टांमागे खरंच काही नसतं, तेही सांगते.

डोळा काय करतो

समोरचं पान आपण एका नजरेत पाहतो असं वाटतं. प्रत्यक्षात बारीक अक्षर ओळखू शकणारा डोळ्याच्या पडद्याचा भाग फार छोटा असतो. हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढाच टापू एका वेळी स्वच्छ दिसतो, बाकीचं धूसर असतं. त्यामुळे वाचताना नजर उड्या मारत जाते आणि प्रत्येक मुक्कामावर साधारण पाव सेकंद थांबते. पुढची उडी कुठे घ्यायची हे ती त्या धूसर भागातल्या आकारांवरून ठरवते. आकारांभोवती मोकळीक असेल तर ते धूसरातही वेगळे कळतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी बर्डीच्या मेन रोडवर ओळखीचा माणूस शोधून पाहा. तोच माणूस पहाटे फुटाळ्याच्या काठावर शंभर पावलांवरून ओळखू येतो. माणूस तोच, फरक फक्त भोवतीच्या जागेचा.

दुसरी गोष्ट जवळिकीची. जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी मन एका गटातल्या मानतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स व्हर्थायमर यांनी १९२३ मध्ये हे नियम मांडले. लग्नपत्रिकेत त्याचा अनुभव रोज येतो. विवाहस्थळाच्या ओळीखाली लगेच "आपले नम्र" आणि मामांचा मोबाइल नंबर आला, की पाहुणे तो नंबर मंगल कार्यालयाचा समजतात आणि मुहूर्ताच्या दिवशी मामांना पार्किंगबद्दल विचारतात. दोन्हींमध्ये बोटभर जागा सोडली की हा घोळ होत नाही. ती जागा तिथे पूर्णविरामासारखं काम करत असते.

म्हणून कोणी "लोगो जरा मोठा करा" म्हटलं की डिझायनरचा चेहरा पडतो. मोठ्या आकाराशी आमचं वैर नाही. पण लोगो नजरेत भरत नाही याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या अंगावर आलेली गर्दी असते: एका बाजूला "स्थापना", दुसरीकडे तीन फोन नंबर, खाली "आमची कोठेही शाखा नाही". लोगो दुप्पट केला तर गर्दी आणखी दाटते. दोन नंबर मागच्या पानावर नेले तर आहे त्याच आकाराचा लोगो दिसू लागतो. सगळंच ठळक केलं तर ठळक काहीच राहत नाही, कारण ठळकपणा शेजारच्या तुलनेत ठरतो.

रस्त्यावरच्या फलकाचं गणित तर आणखी कडक असतं. वर्धा रोडवरून ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. फलक वाचायला तीन सेकंद धरले तर वाचन ३३ मीटरवरून, म्हणजे सुमारे ११० फुटांवरून सुरू व्हायला हवं. फलकाच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. म्हणजे मुख्य ओळीचं अक्षर ११ इंचांचं हवं, आणि मराठी असेल तर थोडं जास्तच, कारण त्या उंचीत वरची वेलांटी आणि खालचा उकारही बसवायचा असतो. आता दहा फुटी फ्लेक्सवर अशा किती ओळी बसतील ते मोजा. नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात. त्यातला एकही चेहरा चालत्या गाडीवरून ओळखू येत नाही, ते याच हिशेबाने.

लिपीचं दुखणं

फॉन्टवरून आम्ही वाद घालतो तेव्हा घरचे कंटाळतात. पण मराठीत हा वाद इंग्रजीपेक्षा जास्त गरजेचा आहे आणि नेमका तोच कमी होतो.

रोमन अक्षरं एकेकटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. या एका फरकातून पुष्कळ गोष्टी निघतात. इंग्रजी शीर्षकाला ऐट आणण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवतात. तेच बटण मराठी शब्दावर दाबलं की बऱ्याच फॉन्टांमध्ये शिरोरेषा तुटते आणि "नागपूर"चे चार सुटे तुकडे होतात. वाचणारा शब्द आकाराने ओळखतो, आणि तुकड्यांचा आकार त्याच्या ओळखीचा नसतो. जागेत बसत नाही म्हणून शब्द आडवा दाबला तर उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. आपल्या अक्षरांचं वळण मूळचं तिरक्या टोकाच्या बोरूचं आहे. कुठे रेघ जाड आणि कुठे बारीक हे त्या टोकाने ठरवलेलं असतं. दाबलेल्या अक्षरात तो तोल जातो. लोकांना "काहीतरी विचित्र दिसतंय" एवढंच कळतं, आणि त्यांचं ते वाटणं बरोबर असतं.

ओळींमधल्या अंतराचंही तसंच. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. इंग्रजी मजकुराला अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर साधारणपणे पुरतं. मराठीला मी १४० च्या खाली जात नाही, आणि वयस्क वाचकांसाठी असेल तर १५० ठेवते. पानं वाढतात, त्यावरून भांडणं होतात, मी ती भांडते.

मग येतात श आणि ल. मराठी वळणाचा श देठाचा आणि ल पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा श गाठीचा आणि ल दंडाचा. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेबाबत जो निर्णय काढला, त्यात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल धरला आहे. आपण नागपूरकर हिंदीच्या शेजारी, किंबहुना हिंदीच्या मांडीवरच राहतो, त्यामुळे इथे दोन्ही वळणं एकाच पाटीवर सुखाने नांदताना दिसतात. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली असतात. भाषा "मराठी" निवडली की मराठी रूप आपोआप येतं. डिझायनरने ती निवड केली नाही तर कॉम्प्युटर हिंदी रूप देतो. हा एका क्लिकचा प्रश्न आहे आणि तो सुटलेला पाहिला की मला मनापासून आनंद होतो.

सगळ्यात जास्त ताप होतो ऱ्हस्व वेलांटीचा. "शुभ विवाह"मधली वेलांटी उच्चारात व च्या नंतर येते आणि लिहिताना आधी. कॉम्प्युटर ती उच्चाराच्या क्रमाने साठवतो आणि दाखवताना पुढे सरकवतो. सरकवण्याचं हे काम सॉफ्टवेअरचं. अ‍ॅडोबच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी दक्षिण आशियाई लिप्यांची वेगळी सोय चालू करावी लागते. ती बंद राहिली की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. असे फ्लेक्स शहरात पावलोपावली दिसतात. ते लिहिणाऱ्याला मराठी येत नव्हतं असं लोक समजतात. त्याला मराठी येत असतं, सेटिंग माहीत नसतं.

याच्याच जोडीला जुन्या फॉन्टांची भानगड. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याच्या) फॉन्टांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठी वेष चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे वेष उतरतो आणि अगम्य इंग्रजी उरतं. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या प्रेसमध्ये आजही पुष्कळ काम याच फॉन्टांत चालतं, कारण कामगारांचे हात त्या कीबोर्डवर बसलेत आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्यात आहेत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र नवं काम युनिकोडमध्येच करा, असं मी प्रत्येकाला कळवळून सांगते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून मजकूर कुठेही उघडतो आणि शोधता येतो. मुक्ता, बालू यांसारखे मराठी नीट येणारे फॉन्ट खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. धंद्यासाठी वापरले तरी पैसे लागत नाहीत. चोरीचा फॉन्ट वापरायचं कारणच उरलेलं नाही.

शाई आणि ऊन

सुरुवातीच्या दिवसांत मी एका शाळेच्या वार्षिकांकाचं मुखपृष्ठ केलं होतं. पार्श्वभूमी शाळेच्या गणवेशासारखी निळी. पडद्यावर सुरेख दिसत होती. छापून आली ती जांभळी. हजार प्रती बांधून तयार होत्या. मुख्याध्यापक बाईंनी रागावण्याऐवजी शांतपणे विचारलं, "हे आपलं निळं आहे का?" चूक सर्वस्वी माझी होती.

झालं होतं असं. मोबाइल किंवा कॉम्प्युटरचा पडदा स्वतः उजेड टाकतो. तो लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग बनवतो आणि तिन्ही पूर्ण मिळाले की पांढरा होतो. कागद उजेड टाकत नाही, त्याच्यावर पडलेला परत पाठवतो. शाई त्यातला काही भाग शोषून घेते. ऑफसेट छपाईत आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. जितक्या चढवाल तितका उजेड कमी. म्हणून पडद्यावरचे काही झगझगीत रंग या चार शायांतून निघूच शकत नाहीत. निळा हा आकाशी आणि किरमिजी मिळून होतो. किरमिजी आकाशीच्या फार जवळ गेला की निळ्याचा जांभळा होतो. तेव्हापासून निळ्यात किरमिजी मी आकाशीपेक्षा किमान तीस टक्के कमी ठेवते.

आपल्या गावाचा संत्रा रंगही असाच फसवा. पडद्यावर तो दिव्यासारखा पेटतो, कागदावर किरमिजी आणि पिवळ्यातून येताना मंदावतो. बर्फीच्या डब्यावर तो हवा तसाच हवा असेल तर चार शायांशिवाय पाचवी, आधीच मिसळून तयार केलेली शाई वापरावी लागते. १९६३ पासून चालत आलेली पॅन्टोन कंपनीची रंगपट्टी त्यासाठीच असते. रंगाला क्रमांक असतो, म्हणजे नागपुरात ठरवलेला संत्रा दुसऱ्या शहरातल्या प्रेसलाही तोच कळतो. खर्च वाढतो. डबा हजारो घरांत जाणार असेल तर तो करावा, एका दिवसाच्या पत्रकासाठी करू नये.

छापलेलं प्रूफ घेऊन मी दुकानाबाहेर उन्हात जाते आणि मग परत येऊन ट्यूबलाइटखाली धरते. शेजारच्या पानठेल्यावरच्या लोकांना त्याची सवय झाली आहे. दोन्ही उजेडांत रंगांचं मिश्रण वेगळं असतं, त्यामुळे एकाच कागदावरचा करडा एकीकडे हिरवट आणि दुसरीकडे तांबूस वाटू शकतो. दुसरी सवय, डोळे अर्धे मिटून पाहण्याची. तपशील पुसले जातात आणि नजर आधी कुठे जाईल तेवढंच उरतं. हे तुम्हीही करू शकता, त्यासाठी काही शिकावं लागत नाही.

फाइलीच्या बाबतीतले आमचे हट्ट थोडक्यात सांगते. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवर आलेला लोगो २०० ठिपके रुंद असेल तर तो व्हिजिटिंग कार्डावर पाऊण इंचसुद्धा नीट छापता येत नाही, मग दहा फुटी फ्लेक्सचं काय बोलायचं. म्हणून आम्ही मूळ रेखीव फाइल मागतो. ती ठिपक्यांची नसून रेषांच्या गणिताची असते आणि कितीही मोठी केली तरी फाटत नाही. तुमचा लोगो ज्याने बनवला त्याच्याकडून ती सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा पीडीएफ आजच घेऊन ठेवा. प्रेसवाला "कर्व्ह करून पाठव" म्हणतो, तेव्हा अक्षरांचे आकार करून पाठव म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं. आणि कडेला तीन मिलिमीटर रंग बाहेर काढतो तो कटिंग मशीन केसभर सरकलं तर पांढरी रेघ दिसू नये म्हणून.

जिथे आमचंच चुकतं

आता दुसरी बाजू. आमची काही मतं कळपातून आलेली असतात. कॉमिक सान्सचा तिरस्कार हे त्याचं ठळक उदाहरण. व्हिन्सेंट कोनेर यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी तो केला, एका प्रोग्रॅममधल्या कार्टून कुत्र्याच्या तोंडी शोभावा म्हणून. शोकसंदेशात तो वाईट दिसतो हे खरं. पण वाचनात अडचण असलेल्या मुलांना सोपे पडणाऱ्या फॉन्टांत ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनने त्याचं नाव घेतलं आहे. बालवाडीच्या फलकावर तो पाहून नाक मुरडणाऱ्याला मी हे नेहमी सांगते.

त्याहून मोठी चूक म्हणजे फिकट करड्या रंगातली बारीक अक्षरं. ती नाजूक दिसतात, मोठ्या शहरांतले लोक करतात, म्हणून इथली पोरंही करतात. वेबच्या सुलभतेच्या जागतिक मानकात साध्या मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं सांगितलं आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, रिक्षाच्या रांगेत उभं राहून मोबाइल वाचणाऱ्या बाईला त्याहूनही जास्त लागतो. ज्या डिझायनरला हे दिसत नाही त्याने स्वतःच्या आईला ते पान वाचायला द्यावं. सगळं कमीत कमी ठेवण्याची हौसही अशीच. लग्नपत्रिकेवर गणपती, कुलदेवता, आजोबांचं नाव आणि आत्याबाईंचा आग्रह हे सगळं हवंच असतं. ते काढून टाकणं म्हणजे सौंदर्य असं मला वाटत नाही. ते सगळं ठेवून वाचता येईल अशी पत्रिका करणं हे खरं कौशल्य आहे आणि ते फार कमी जणांकडे आहे.

शटरवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडे ते होतं. आधी खडूने दोरी मारून शिरोरेषा आखायची, मग रस्त्यापलीकडे जाऊन पाहायचं, परत येऊन उरलेल्या जागेत अक्षर बसवायचं. फ्लेक्स आले आणि चौरस फुटाच्या भावात त्यांचं काम गेलं. मला अक्षरांतलं अंतर कळलं ते कॉलेजात कमी आणि त्यांच्या शिडीखाली उभं राहून जास्त.

डिझायनरशी बोलताना "हे आवडलं नाही" म्हणण्याआधी "हे असं काहून?" एवढं जरूर विचारा. उत्तरात डोळा, लिपी, शाई, अंतर यांपैकी काही आलं तर ऐकून घ्या. "सध्या असंच चालतं" आलं तर तुमचं मत तितकंच वजनदार आहे. आणि काम देताना "काहीतरी हटके" सांगू नका. वाचणाऱ्याने आधी काय वाचावं, मग काय, आणि वाचून काय करावं, या तीन गोष्टी सांगा. काकांना मी पुढच्या वर्षी हेच विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पह्यले सवलत. मग दुकान कुठं हाय ते. नाव तं समद्यायले माहीतच हाय." त्या वर्षी दुकानाचं नाव निम्म्याने लहान झालं, आणि ते त्यांनीच सुचवलं.

शेवटचं काम प्रूफवर सही करण्याचं. तेव्हा रंग आणि फॉन्ट बाजूला ठेवा. ज्याने ते पत्रक आजवर पाहिलेलं नाही अशा घरातल्या कोणाला तरी बोलवा, आणि तारीख, वार, वेळ, फोन नंबरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायला लावा. तारखेपुढचा वार कॅलेंडरशी ताडून पाहा. मग सही करा.